काल उरी

चार वर्षं मी उंदरांचे पाय मोजले.
पंचावन्न अंशांवर तापलेली थाळी,
वर काचेचं नळकांडं, हातात स्टॉपवॉच.
उंदीर मागचा पंजा उचलून चाटतो
तो क्षण म्हणजे वेदना, असं आम्ही ठरवलेलं.
अकरा सेकंद. नऊ. साडेबारा.
उंदराला मातृभाषा नसते,
म्हणून माझे तक्ते स्वच्छ होते.

मग अकोल्याहून बेळगावला आलो, प्रशिक्षणाला.
सातजण, सात विद्या, एक पांढरा फळा.
झैबुन किल्लेदार सांध्यांची, तिला बोटांनीच कळायचं सगळं;
रुद्रगौडा संख्याशास्त्राचा, त्याला बोटंही मोजण्यापुरतीच;
पट्टणकुड्यांची शैला मनाची,
मी मज्जातंतूंचा.
पहिले पंधरा दिवस एकेकजण उठून
आपल्या बोलीत दुखणं समजावायचा
आणि बाकीचे सहा माना डोलावत चहा प्यायचे.

हलगेकर बाई ऐकून घ्यायच्या.
एका संध्याकाळी म्हणाल्या, उद्या संकेश्वर.
यंत्रं नकोत. वही घ्या, आणि बसायला पोतं.

शाळेचा व्हरांडा. जानेवारी.
वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीचा वास.
माझ्यापुढे तायव्वा, यमकनमर्डीची,
वय साठ किंवा बासष्ट, तिचं तिलाच पक्कं नव्हतं.
काय होतंय, मी विचारलं, मराठीत, सावकाश, मोठ्यानं,
बहिऱ्याला विचारतात तसं.
ती म्हणाली: काल उरी.

मी लिहिलं:
केव्हा – काल.
कुठे – उरी, म्हणजे छातीत.
आणि ताडकन उठलो.

रिक्षा. दवाखाना. छातीला वायरी.
कागदावरची रेघ
उठायची तिथंच उठत होती, बसायची तिथंच बसत होती.
तायव्वा पदर सावरत
माझ्याकडं बघत राहिली, काळजीनं,
माझ्याच.

झैबुन धापा टाकत मागून आली.
वही वाचली, मटकन स्टुलावर बसली, हसली, मग थांबली.
अरे, काल म्हणजे पाय. उरी म्हणजे आग.
कन्नड बोलतायत त्या.
पाय जळतात त्यांचे.

कधीपासून?
तेरा वर्षं. माग विकला त्या दिवाळीपासून.

पाय!
चार वर्षं मी पायच भाजत होतो
आणि जळते पाय घेऊन माणूस समोर बसलं
तेव्हा मी त्याच्या छातीला वायरी लावल्या.

परत येऊन सगळे तिच्याभोवती पोत्यांवर बसलो.
झैबुननं तळवा मांडीवर घेतला, अंगठ्यानं दाबत गेली.
रात्री काय करता, म्हणाली.
तायव्वा म्हणाली, दोनला उठते,
पितळेचं ताट पालथं घालते जमिनीवर,
त्यावर पाय ठेवते. गार असतं.
रुद्रगौडानं विचारलं, किती वेळ?
कारखान्याचा भोंगा होईस्तोवर.
शैलानं विचारलं, घरात कुणाला ठाऊक आहे?
सून म्हणते, म्हातारी ताटावर उभी राहून नाच शिकते.
हे सांगून ती स्वतःच हसली,
शैलानं मात्र बराच वेळ काही लिहिलं नाही.

माझ्या प्रश्नावलीत
शून्य ते दहा अशी एक पट्टी होती.
ताटाला जागा नव्हती.

मी चुकीची ओळ खोडायला गेलो.
हलगेकर बाईंनी पेन धरलं.
असू दे. खाली लिही, आणि तारीख टाक.

त्या रात्री मेसमधलं स्टीलचं ताट खोलीवर आणलं,
पालथं घातलं, त्यावर पाय ठेवून बसलो,
स्टॉपवॉच लावून, सवयीनं.
चाळीस सेकंद गारवा. साठ. मग ताट
माझ्याइतकंच कोमट.

म्हणजे तिला ते पुन्हा गार करावं लागत असणार.
पाणी ओतून? जागा बदलून? की दुसरं ताट आहे?
रात्रीतून किती वेळा?
हे कुणीच विचारलं नाही, सातही जणांनी.

यमकनमर्डीची बस साडेआठला आहे.
झैबुनला म्हटलं, गुरुवारी येशील?
ती म्हणाली, येईन.
तोवर दहापर्यंत मोजायला तरी शीक कन्नडात.
ओंदु, एरडु, मूरु.
पुढचं गाडीत.