दर पंधरा मिनिटांनी

नारीन नदीच्या काठी, पत्र्याच्या पेटीत
एकोणीस वर्षं तो बसून होता,
साबणाच्या वडीएवढा मोडेम.
दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची
बिश्केकला कळवायचा, एका आकड्यात.
उणे तीसमध्येही.
एकदा पुरानं पेटी आडवी केली,
तर आडवा पडून सांगत राहिला.

मी तोलकून. आमच्या भाषेत लाट.
माझं काम जुने मोडेम उतरवून आणायचं
आणि फॉर्मवर, कारणाच्या रकान्यात,
लिहायचं : निकामी.

पेटी उघडली. हिरवा दिवा लुकलुकत होता.
दोनशे एकतीस, तो म्हणत होता.
मी पान्याचे आटे साफ करेपर्यंत
दोनशे तेहतीस.
सोमवारी मध्यरात्रीच डोंगरावरच्या टॉवरनं
ती जुनी बोली सोडली होती.
बोलणारा ठणठणीत,
ऐकणारा उठून गेलेला.
रकान्यात काय लिहायचं?

इशेनबाय आला, घोड्यावरून, रागात.
मोडेमच्या आधी पाण्याची पट्टी तोच वाचायचा.
सकाळी आठ, रात्री आठ.
मग त्यालाही एक फॉर्म मिळाला होता.
"तेव्हापासून मी नदीकडे पाठ करून मेंढ्या चारतो.
ते राहू दे. हे बघ."
बटणांचा फोन. बॅटरी भरलेली, आकडे झिजलेले.
"तीनदा पैसे भरले. तरी मुका."
तोही सोमवारचाच.

नवा मोडेम गोदामात अडकलाय, तीन आठवडे.
वरती बर्फ वितळतंय.
मी त्याला माझा फोन दिला,
काच तडकलेला, चार वर्षांचा,
ज्याला कंपनीनं नवं काही शिकवायचं बंद केलंय.
आकडा कसा कळवायचा, दाखवलं.
त्यानं फोन तोंडापासून हातभर लांब धरला
आणि ओरडला : दोनशे चाळीस!
बिश्केकपर्यंत थेट पोचावं, असा.

मोडेम पिशवीत टाकला. छोटी बॅटरी काढायची राहिली.
मार्शरुत्का घाटाला लागली, शेजारचा माणूस घोरत होता,
आणि माझ्या मांडीवर, कापडाआडून,
हिरवं काहीतरी मिटत उघडत होतं.
पाणी नाही, पट्टी नाही, वायर तुटलेली.
तो सांगत होता शून्य.
पुढच्या वळणावर, शून्य.

खिंडीपलीकडच्या दरीत मात्र
एक टॉवर अजून ती बोली जाणत होता.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं :
बिश्केकच्या ऑफिसात घंटा वाजली,
नारीन आटली म्हणून.
साहेबांनी घाबरून माझा नंबर लावला.
उचलला इशेनबायनं.
"आटली? कोण म्हणतो?"
आणि, म्हणे, फोन तसाच हातात धरून
काठापर्यंत चालत गेला,
पाण्याच्या अगदी जवळ नेला,
आणि काही न बोलता
बराच वेळ धरून ठेवला.

फॉर्म माझ्याकडेच आहे.
रकाना कोरा.