धडा सातवा

कोर्चा शहरात, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत
आठवड्यातून दोनदा फ्रेंचचा वर्ग भरायचा.
फी नव्हती. शेगडीसाठी मात्र
ज्याने त्याने एकेक ओंडका आणायचा.
मी बुटांच्या कारखान्यातून थेट जायचे,
बोटांना सोल्युशनचा वास,
वहीलाही तोच.

व्योल्त्साबाई म्हणायच्या,
यांचा र घशात राहतो, जिभेला सुट्टी द्या.
आणि सगळ्या वर्गाला पेलापेलाभर पाणी देऊन
गुळण्या करायला लावायच्या.
थिमी टॅक्सीवाल्याच्या हसता हसता
नाकातून पाणी यायचं.
बाई म्हणायच्या, शाब्बास,
आता अनुनासिकही जमलं.

साधनं म्हणाल तर
कुठल्याशा दूतावासाकडून आलेल्या खोक्यात
एकाच पुस्तकाच्या अकरा प्रती,
एक नकाशा, त्यात आमचा देश
नेमका घडीत झिजून गेलेला,
आणि एक कॅसेट.

कॅसेटमधली बाई बाजारात जाते.
सातव्या धड्यात ती म्हणते,
मला द्या, एक किलो…
आणि तिथे फीत अडते.
व्योल्त्साबाई बोटाच्या पेराने
टेपरेकॉर्डरवर मारायच्या, टक.
मग ती म्हणायची, प्वार.
म्हणजे नासपती.
आम्ही तिच्यामागून म्हणायचो
जसंच्या तसं, अडून, थांबून.
आम्हाला वाटे, थांबणं हेही व्याकरणच.

एका ऑक्टोबरात ग्वेनाएल आला,
नाँतहून, सात महिन्यांच्या करारावर,
साहाय्यक शिक्षक, वय बावीस.
त्याच्याजवळ लॅपटॉप होता, शिष्यवृत्त्यांची यादी होती,
आणि कोर्चाच्या थंडीत हसू येईल असं जाकीट.
बाईंनी त्याला गेलेल्या नवऱ्याचा कोट दिला.
तो दोनदा मेर्सी म्हणाला,
दुसऱ्यांदा जरा हळू.

आमचं थांबणं त्याने वहीत टिपून घेतलं,
इकडची रीत समजून.
खरं कळलं तेव्हा नवी सीडी मागवली, स्वच्छ, न अडणारी.
सीडीतली बाई नासपती घेऊन
पैसे देऊन निघूनसुद्धा गेली,
आम्ही अकरा जण अजून किलोपाशी उभे.
व्योल्त्साबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले
आणि सीडी कपाटात ठेवली.

अर्ज ग्वेनाएलनेच भरायला लावला.
'शिकण्याचा हेतू' या रकान्यात मी लिहिलं,
दिवसाला दोनशे टाचा चिकटवते, पुरे झालं.
बाईंनी ते खोडलं,
वर लिहिलं, फ्रेंच संस्कृतीची ओढ.
तेही खोटं नव्हतं.
पण खोडलेलं उजेडात धरलं की वाचता यायचं.

शिष्यवृत्ती एलबासानच्या एका मुलीला मिळाली.
मी दोन वर्षांनी गेले, ग्रेनोबलला,
इस्पितळाच्या चादरी धुवायला.
मुलाखतीला तीन प्रश्न होते,
आणि तिसरा मला समजला.

तिथल्या शनिवारच्या बाजारात,
पिशवी धरून, मागे रांग,
मी म्हटलं, मला द्या, एक किलो…
आणि अडले.
नासपती समोर होत्या. शब्द तोंडात होता.
मागचा माणूस खाकरला.

भाजीवाल्याने वर पाहिलं.
पन्नाशीचा, कानटोपी घातलेला, बोटं फाटलेली.
त्याने बोटाच्या पेराने
वजनकाट्यावर मारलं,
टक.

प्वार, मी म्हटलं.

कुठल्या साली, त्याने आमच्या भाषेत विचारलं.
मी साल सांगितलं.
तो त्याच्याही बारा वर्षं आधीचा.
तेव्हाही अडायची? अडायची.
रांग वाढत होती. त्याने नासपती तोलल्या,
पैसे पुरते घेतले, एक पैसा सोडला नाही,
आणि सुट्टे परत देताना एवढंच म्हणाला,
शेगडीला लाकूड
अजून आपणच न्यायचं का?