एका मांड्याचं वजन

मिरजेहून पहाटेच्या गाडीनं आलो.
पिशवीत नमुन्याचा इलेक्ट्रॉनिक काटा, ऑर्डरबुक,
आणि बायकोची चिठ्ठी: कुंदा अर्धा किलो,
बाकी दिसेल ते.

कुठल्याही गावात मी आधी तराजू बघतो.
देऊळ, किल्ला, हवापाणी, सगळं मागनं.

खडेबाजारात किल्लेदारांच्या दुकानी
अजून पितळी पारडी, काळ्या दोऱ्याची.
बेडगी मिरची तोलताना म्हातारा
काटा मध्यावर आला तरी थांबत नाही,
वर चार मिरच्या टाकतो.
म्हटलं, चाचा, आमच्या यंत्रात ह्या चार दिसतील.
"दिसू देत की," तो म्हणाला,
"लपवून कोण घालूलाय?"

पाट्यांवरची गोल अक्षरं मला वाचता येत नाहीत.
नाकानं गल्ल्या ओळखत गेलो.
तापलेलं तूप म्हणजे गणपत गल्लीचं वळण,
भाजलेला मैदा म्हणजे कॅम्प,
आणि सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास आला
की समजायचं, शहापूर.

कुंद्याच्या दुकानात तीन काटे, तिन्ही दुसऱ्या कंपनीचे.
मालकानं बोटभर कुंदा कागदावर दिला, चव बघा म्हणून.
दूध आटत आटत करपायच्या अगदी दारात जातं
आणि तिथून परत फिरतं, तशी चव.
ऑर्डर मिळाली नाही.
अर्धा किलो घेतला, चिठ्ठीवर खूण केली.

दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी,
कागदासारखी पातळ, कडक,
भरल्या वांग्यात शेंगदाण्याचं कूट, वर दह्याचा गोळा.
वाढणारा पोरगा प्रत्येकाला दोन भाषांत विचारत होता,
आणि कुणी कुठल्याही भाषेत "बास" म्हटलं
तरी अजून एक पळी घालत होता.

किल्ल्यात गेलो तो सावलीसाठी.
कमळ बस्तीच्या छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतंय,
पाकळीत पाकळी.
एवढा भार नेमका कशावर पेललाय, मान दुखेपर्यंत बघितलं.
हिशेब लागेना.
पहारेकरी शेंगा सोलत म्हणाला,
"सगळे असंच बघतात, नि मग जेवायला जातात."

जेवलो होतो. म्हणून शहापूरला परत.

मागच्या बोळात इंदिराबाई मुचंडी मांडे करत होत्या.
कणकेचा गोळा दोन्ही कोपरांपर्यंत फिरवत,
पसरवत, ताणत,
पलीकडची चूल आरपार दिसेपर्यंत.
मग उलट्या मडक्यावर, मग साखर, मग घडी.
उशीर झाला की घडी मोडते, म्हणून
"दार लाव गं, वारं आलं!" हे नातीला मराठीत,
आणि मोजणी कानडीत: ओंदु, एरडु, मूरु.

आजवर मनातले मांडे पुष्कळ खाल्ले,
समोर हा पहिलाच.
विचारलं, किलोला कसे?
बाई हसल्या, तवा असता तर तोही हसला असता.
"तोलत नाहीत रे बाबा. मोजतात."
तरी माझा काटा बघून त्यांनाच राहवेना.
"ठेव बघू एक."
एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.
"एवढंच?" त्या म्हणाल्या, आणि दंड दाबू लागल्या.

बसमध्ये खोका मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला.
तवंदीचा घाट, निपाणी, टोलनाका, कागलचे गतिरोधक.
शेजारची बाई झोपेत दोनदा खोक्यावर कलंडली.
कुठं मोडला, सांगता येणार नाही.
अलीकडे, का पलीकडे,
आतून काही आवाज आला नाही.

घरी झाकण काढलं तर नुसता चुरा,
आणि तुपासाखरेचा वास घरभर.
बायको म्हणाली, असू दे, कुंदा आहे ना.

मी मात्र काटा लावला. सगळं कागदावर ओतलं,
कोपऱ्यातला भुगासुद्धा झटकून.
एकशे चौऱ्याऐंशी.
पुन्हा बघितलं. तेवढंच.

कुणाला सांगावं म्हणून मान वर केली,
तोवर धाकटीनं एक तुकडा उचलून
गालात सरकवला होता.
आकडा उतरला, एकशे एकाहत्तर.
"काय रे बाबा," ती म्हणाली,
"कमी झालं?"