भाटकाराचं जेवण

दिपराज जहाजावर गेला
आणि पडवीत हा पिंजरा ठेवून गेला.
पिंजरा म्हणजे जाळीचं कपाट, आत जास्वंदीची कुंडी,
फांदीवर हा,
डोक्यावर टोपासारखा उंचवटा असलेला,
बंगळुरूहून खोक्यातून आलेला सरडा.
त्याने नाव ठेवलंय मॅजिक.
मी भाटकार म्हणते.

एक पाय उचलतो, हवेत धरतो,
पुढेमागे डुलत विचार करतो
मजुरी द्यावी की न द्यावी,
आणि पाय होता तिथेच परत ठेवतो.
एक डोळा माडांवर, एक पोफळींवर.
माझ्या लहानपणी असाच एकजण
बांधावर उभा राहायचा.
शेपूट तेवढी नव्हती.

सूचना फोनमध्ये आहेत.
पालक रोज नको. मीठ नको. पानं धुऊन दे.
वाटीतलं पाणी त्याला कळत नाही, पानांवर थेंब शिंपड.
नाकतोडे: सोमवार, बुधवार, शनिवार.
सोमवार वाचला आणि मी बोटाने पुढे सरकवलं.
या घरात सोमवारी अंडं फुटत नाही,
नाकतोडा कसला?

म्हणून सोमवारी
तांबडी भाजी, बारीक चिरून.
दुधीचा कोवळा कीस.
तवशाची नखाएवढी चकती.
आणि माशेलच्या बाजारात आवेलिनाकडची
जुव्याची सात शिरांची भेंडी.
"एकूच भेंडो? कोणाक गो?"
"सोयऱ्याक."
"सोयऱ्याक एक भेंडो? मागीर तो रावतलो कित्याक!"

मला वाटलेलं, तांबडं खाऊन तांबडा होईल.
नाही झाला.
रंग पोटातून येत नाही, आई,
दिपराज फोनवर हसला, तो मनातून येतो.
मग मधेच आवाज तुटला, समुद्र आला.
भाटकाराने एक डोळा भेंडीकडे फिरवला,
दुसरा फुलावर बसलेल्या माशीकडे,
आणि वीतभर जिभेने
माझा सोमवार मोडला.

चवथीला माटोळी शेजारच्या रोहिदासने बांधली.
कांगलं डावीकडे लागतं की उजवीकडे,
हे दिपराजलाच ठाऊक. मी काही बोलले नाही.
गर्दी, धूप, फटाके म्हणून
पिंजरा आतल्या खोलीत नेला होता.
पाहुणे गेल्यावर बघते तर भाटकार काळवंडलेला,
जळक्या करवंटीसारखा.
भाजीला तोंड नाही. नाकतोड्यालाही नाही,
बुधवार असून.
डबीतले नाकतोडे रात्रभर किरकिरत होते,
त्यांना वाटलं असेल सुटलो.

तीन दिवस.
पिंजरा परत पडवीत आणला, उन्हाच्या कडेला.
माझं ताट मी तिथेच घेऊन बसू लागले.
पेज, तोंडाक लोणचं,
इतकंच. दोघांत एकाने तरी जेवायला हवं.
"रंग कुठला आहे?" फोनवर विचारलं त्याने.
हिरवा, म्हटलं.

चौथ्या दिवशी जास्वंदीची एक पाकळी
बोटांत धरून जाळीत हात घातला आणि तसाच ठेवला.
इतके दिवस बघून एक मला कळलंय.
किड्याला तो बसल्या जागेवरून गाठतो,
जीभ जाते, जीभ येते, अंग हलत नाही.
पानाफुलावर मात्र जीभ फेकत नाही.
त्यासाठी त्याला स्वतः यावं लागतं.

एक पाय. हवेत. डुलणं.
पोफळीवरून एक सुपारी खाली पडली, टप्.
दुसरा पाय.
माझा खांदा भरून आला.
टोपाखालचे दोन डोळे, एरवी दोन गावांना असणारे,
फिरत फिरत एका जागी आले,
माझ्या नखाशी.
आणि तोंड उघडून त्याने पाकळीचा कोपरा चावला,
गुळगुळीत हिरड्यांचा म्हातारा पापड चावतो तसा,
थांबून, मान वाकडी करून, पुन्हा.

आत टेबलावर फोन वाजायला लागला.
तिकडे आता सकाळ असेल, चहाची वेळ.
विचारेल, काय खाल्लं त्याने.

वाजू दे.
अर्धी पाकळी अजून माझ्या हातात आहे.