दोन बाटल्या

डावा डोळा साफ करून घ्यायला गेले होते.
त्याआधी रक्ताच्या चार तपासण्या, नेहमीच्याच, म्हणाली नर्स.
कागदावर तिसऱ्या ओळीत काहीतरी ठळक छापलेलं,
आणि मला ते वाचता येईना, त्या डोळ्यामुळेच.
ऋजुतानं वाचलं. मग पुन्हा एकदा, मनात.

हिपॅटायटिस सी.
म्हणजे कावीळच ना? मग मी पिवळी का नाही?
कन्नमवार नगरातल्या आमच्या आरशापुढे
पापणी ओढून पाहिली, जीभ, नखं.
सगळं जिथल्या तिथं.
खालच्या खानोलकर वहिनी म्हणाल्या,
कर्जतच्या पुढं एकजण उतरवून देतो,
चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे,
पिवळं पाणी आपण डोळ्यांनी बघतो.
वहिनी, हिला रंगच नाही,
उतरवायचं काय?

डॉक्टरीणबाई ऋजुताहून लहान.
दारू घेता? विचारावं लागतं, म्हणाल्या.
नाही.
गोंदलंय कुठे? नाही.
कधी रक्त चढवलंय?
हो, दोन बाटल्या.
दाराबाहेर नणंदेला तेवढंच ऐकू गेलं.
संध्याकाळपर्यंत ठाण्यात सगळ्यांना कळलं, मी पिते.

सत्त्याऐंशी सालचा मार्गशीर्ष.
ऋजुता झाली आणि माझं रक्त थांबेना.
हे रक्तपेढीकडे पळाले.
पायरीवर चौकड्यांच्या शर्टातला एकजण,
पैसे घेऊन द्यायचा.
ह्यांनी त्याला वर चहाही पाजला.
त्याला ठाऊक नव्हतं, ह्यांना नाही, पेढीला नाही.
बाटलीला विचारायचं तरी काय?
त्या विषाणूला अजून नावच नव्हतं.
ए नव्हे, बी नव्हे, एवढीच त्याची ओळख.

एकाच रात्री दोघं आली माझ्याकडे.
एकीचं बारसं बाराव्या दिवशी झालं,
घुगऱ्या वाटल्या.
दुसरा तसाच, बिननावाचा,
यकृतात राहिला पोटभाडेकरू.
अडतीस वर्षं.
ना भांडण, ना आवाज, ना भाडं.
मी दमायचे. वय झालं, म्हणायचे.

ह्यांनी माझ्या पेल्याला लाल दोरा बांधला.
बोलले काहीच नाहीत.
पुढच्या खेपेला मी पेलाच नेला दवाखान्यात,
टेबलावर ठेवला.
बाई हसल्या नाहीत.
ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या,
ताटातून नाही, शिंकेतून नाही, जवळ घेतल्यानं नाही.
रक्तातून.
ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश, हे वेगळं ठेवा.
तुमचा न्हावी ब्लेड बदलतो का, ते बघा.
आणि तुम्ही दोघंही तपासून घ्या.
दोघांचं काही निघालं नाही.
दोरा ह्यांनीच कापला,
दातांनी.

दिवसाला एक गोळी, बारा आठवडे.
हिशेब केला, चौऱ्यांशी.
चौऱ्यांशीचा फेरा! मी हसत सुटले,
ऋजुताला काही समजेना.
दिनदर्शिकेवर दुधाच्या खुणांशेजारी
रोज एक टिंब.
फेरा संपला, मग आणखी बारा आठवडे नुसती वाट.

सापडला नाही, म्हणाल्या बाई.
पण भिंतींवर त्याचे खिळे राहिलेत,
तपासायला येत जा.
बी-ला लस आहे, ह्याला नाही.
खोली रिकामी झाली म्हणून
दाराला कुलूप लागलं असं समजू नका.
आता कंपाउंडर सुई घेऊन आला
की मी म्हणते, पाकीट माझ्यासमोर फोड.
तो चिडतो. चिडू दे.

मग डोळा झाला.
पट्टी निघाली तेव्हा समोरची चादर
इतकी पांढरी, की मी दचकले.
काविळीला जग पिवळं दिसतं म्हणतात.
मला दिसत होतं खरं,
वर्षानुवर्षं,
फक्त कारण दुसरंच होतं.

तो चौकड्यांचा शर्ट आता सत्तरीचा असेल.
असलाच तर.
त्याच्या दोन बाटल्यांवर मी ऋजुताचं लग्न पाहिलं,
त्याला काय म्हणू?
कुठल्याशा पायरीवर बसून
तोही म्हणत असेल, वय झालं, दमायला होतं.
कुणीतरी त्याला सांगा,
एकदा रक्त तपासून घे बाबा,
या वेळी
स्वतःसाठी.