खात्री आहे का?

आचाओहून लाँच सुटते आठवड्यातून तीनदा,
वारा हो म्हणाला तर.
माझ्याबरोबर मेणकापडात गुंडाळलेले सहा लॅपटॉप, एक प्रोजेक्टर
आणि खात्याचा कागद:
'शिक्षकांना ऑनलाइन साधनांची ओळख. एकूण तास बारा.'

बेटावर शाळा एक, शिक्षक तीन.
शेगडीजवळची ऊबदार खुर्ची एलेउतेरिओ मास्तरांची.
निवृत्तीला सात महिने उरलेले.
त्यांनी माऊस धरला
कोंबडीचं पिल्लू धरावं तसा,
दाबलं तर मरेल, सोडलं तर पळेल.
दोन टिचक्या लागोपाठ, मी सांगत होते.
त्यांच्या दोन टिचक्यांमध्ये
एक अख्खी लाट येऊन परत जायची.

ऑर्फेलियाबाई मात्र सुटल्याच.
संध्याकाळपर्यंत मुलांकडून
एकोणीस जातींच्या बटाट्यांचे फोटो चढवून मोकळ्या.
स्वयंपाकघरातून सोइला ओरडली,
तो लांबुडका जांभळा माझ्या परसातला,
खाली माझं नाव घाला!

मास्तरांनी पासवर्ड लिहून ठेवला हजेरीपटात,
गैरहजर मुलांच्या रकान्यात.
तिथे कोण बघतंय, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी पुसायला शिकवलं.
पडद्यावर प्रश्न उमटला:
कायमचं काढून टाकायचं? खात्री आहे का?
मास्तरांनी चष्मा काढला.
'अडतीस वर्षं फळा पुसतोय.
एकदाही कोणी विचारलं नाही.'
मग जरा वेळाने,
'आणि नाही पुसलं तर?'
राहतं, मी अभिमानाने म्हणाले.
कायमचं. जगात कुठूनही दिसतं.
'पोराची चूकसुद्धा?'

माझ्या बारा तासांत
या प्रश्नाला जागा नव्हती.
मुलांना मोकळेपणाने लिहू द्या, मी म्हटलं.
पुस्तिकेत पान चारवर तसंच छापलं आहे.

निघताना प्रमाणपत्रं वाटली.
मास्तरांच्या नावात एक अक्षर कमी पडलेलं.
पक्की शाई. ते हसले,
घडी करून खिशात ठेवलं.

जूनमध्ये, कडाक्याच्या थंडीत,
रात्री अकराला फोन.
आवाजापेक्षा वाराच जास्त.
शाळेतली लाइन गेलेली, म्हणून मास्तर
कबरस्तानाच्या टेकडीवर चढले होते,
लॅपटॉप पोंचोखाली धरून.
सिग्नल तिथेच येतो. मेलेल्यांची सोय, म्हणाले.

'मिल्यारायने लिहिलंय. विषय, आमचं घर.
चौथी ओळ बेटाबाहेर जायची नाही.'
काय आहे चौथी ओळ, मी विचारलं.
'मी वाचली. तेवढं पुरे.
सकाळी तिच्या आईकडे जाणार आहे.
आत्ता कुठे दाबायचं ते सांग.'

मी सांगत गेले. वर उजवीकडे. आता खाली.
आता दोन टिचक्या.
मला ऐकू आल्या.
या वेळी मध्ये लाट आली नाही.

प्रश्न आला का?
'आला.'
मग हो म्हणा.
'थांब.'
वारा. कुठेतरी कुत्रं.
'चांगली लिहिली आहे गं ओळ.
एकही चूक नाही. पोरीच्या हातून पहिल्यांदाच.
आधी वहीत उतरवून घेतो.'

टॉर्च दातांत धरली असावी,
कारण त्यानंतर बोलणं थांबलं.
पानाची फडफड,
पेनाची करकर, सावकाश, वळणदार,
जणू उद्या कित्ता म्हणून कोणी गिरवणार आहे.
मी फोन कानाशी धरून
माझ्या उबदार खोलीत उभी होते,
पुस्तिकेचं चौथं पान समोर.

'झालं,' म्हणाले.
बराच वेळ काही नाही.

'आणि ऐक,
सोइलाचा बटाटा फोटोत उलटा दिसतोय.
रोज भांडते माझ्याशी.
तो सुलटा कसा करायचा?'