चौदा किलोमीटर जास्त

सहावा दिवस. कागदावर लिहिलंय : एक्याण्णव.
पहाटे पाचला शाळेच्या व्यायामशाळेत
पंपांचा फुसफुसाट सुरू,
आणि झुल्मीरा गुडघ्याला मलम चोळता चोळता
त्याला शिव्या घालतेय, रागाने नव्हे,
तीस वर्षांच्या संसारातल्या सवयीने.
बाहेर आलेन्तेजू अजून गार आहे.
हा गारवा उसना. नऊच्या ठोक्याला परत करावा लागतो.

पहिले तीस किलोमीटर कुणी बोलत नाही.
साखळ्या बोलतात. कुणाच्या तरी मडगार्डचा सैल स्क्रू
कालपासूनची तीच तक्रार पुन्हा सांगतो.
दोन्ही बाजूंना बुचाची झाडं,
कमरेपासून खाली साल सोललेली, लालभडक,
अंघोळीला उभं करून कुणी विसरून गेल्यासारखी.
खोडांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा,
साल काढली त्या वर्षाचा.
आता नऊ वर्षं हात लावायचा नाही.
आमच्याही पाठीवर आकडे. मी अकरा. माझ्यापुढे सहा.
सहाचा डावा खांदा चढावर हळूहळू खाली येतो,
हे एव्हाना त्याच्या आईपेक्षा मला जास्त ठाऊक.

एका गावात कॉफी. पांढऱ्या भिंती, तळाशी निळा पट्टा.
डोमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकानेच मान वर केली :
“कुणी मागे लागलंय का तुमच्या?”
नाही म्हणालो.
“मग?” म्हणाला, आणि सोंगटी टाकली.

दुपारी फाट्यावर आमील्कार पुढे आला.
एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त पोस्टमन,
एरवी कायम शेवटचा, सगळ्यांची पडलेली हातमोजी गोळा करत येणारा.
“डावीकडे,” म्हणाला. “डांबर नवं आहे त्यांचं. माझा रस्ता जुना.
बावीस वर्षं इथूनच टपाल नेलं.”
सात किलोमीटर उतार. वारा शर्टात शिरला,
झुल्मीराने हँडल सोडून दोन्ही हात पसरले,
वर विजेच्या खांबांवर करकोचे
चोची वाजवत आमची टिंगल करत होते,
आणि रस्ता पाण्यात गेला.

तुटला नाही, संपला नाही. गेला.
मधली पांढरी रेघसुद्धा तशीच आत उतरत गेली
जिथवर दिसली तिथवर.

धरण झालं हे त्याला माहीत होतं.
पाणी इतक्या अलीकडे आलं असेल, हे नव्हतं.
पुढचं चाक भिजेपर्यंत तो गेला
आणि थांबला.
“पहिलं घर कुणाचं होतं?” सहाने विचारलं.
आमील्कारने बराच वेळ आठवून पाहिलं.
“माणसाचं नाव येत नाही. कुत्रा बोलोता.
मग वळणावर फारुश्कू. गिरणीपाशी पिलोतू, तो चावायचा.
ती दिसली की मी दोन्ही पाय उचलून हँडलवर ठेवायचो,
उतार होता, सायकल आपोआप जायची.”
आणि मग त्याने हाक मारली. दोन बोटं तोंडात घालून
एक शिट्टी, कर्कश, लांब.
पलीकडच्या काठावरून चार बदकं उडाली.
बाकी काही आलं नाही.

परतीचा तोच उतार आता चढ.
एकोणचाळीस अंश. बाटल्यांतलं पाणी चहासारखं.
त्याला कुणी काही बोललं नाही,
चांगुलपणा नव्हे तो, श्वास उरला नव्हता.
वर पोचल्यावर झुल्मीराने त्याला अर्धं संत्रं दिलं
आणि उरलेलं अर्धं देताना म्हणाली,
“उद्या नकाशा माझ्याकडे.”

रात्री अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये चण्याचं सूप,
शिळ्या पावाचे तुकडे, लसूण, भरपूर कोथिंबीर.
भिंतीवरच्या दोरीला अठरा जणांचे मोजे.
कागदावर एक्याण्णव खोडून कुणीतरी एकशे पाच केलं.

दिवे गेल्यावर बाहेर कुठेतरी कुत्रा भुंकला.
अंधारात सतरा जणांनी माना वळवल्या
आमील्कारकडे.
तो गाढ झोपला होता,
दोन्ही पाय
आपल्या पिशवीवर उचलून ठेवलेले.